लेकराआधी छापलेली साक्ष

आमच्या मंडळीत कोणाला सर्दी होत नाही. नाक वाहतं, डोळे लाल होतात, माणूस शाल पांघरून उपासनेला येतो, पण सर्दी होत नाही. ‘शत्रूने हल्ला केलाय, पण मी आरोग्यात आहे,’ असं म्हणायचं असतं. तोंडाने जे बोलाल ते घडतं, अशी आमची शिकवण. म्हणून वाईट बोलायचंच नाही. मागच्या उन्हाळ्यात पास्टरांचा आवाज पार बसला होता. त्यांनी माइकवर घोगऱ्या सुरात ‘मी आरोग्यात आहे’ असं जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या आंटींनी, मागून काढ्याचा थर्मास पुढे सरकवला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

अमरावतीतल्या या ख्रिस्ती मंडळीत मी साक्षी तयार करून देते. कोर्टातल्या साक्षीशी याचा संबंध नाही. तिथे खोटं बोललं तर शिक्षा होते.

ज्यांनी आमची उपासना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही दर रविवारी जमतो. आधी गाणी होतात, कीबोर्ड आणि ड्रमसह. लोक हात वर करतात, रडतात, काही जण अन्य भाषेत प्रार्थना करतात, म्हणजे अशा भाषेत जी बोलणाऱ्यालाही कळत नाही. मग प्रवचनाच्या आधी एक-दोन जण उठून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. ही साक्ष. तिला तीन मिनिटं असतात. वऱ्हाडात तीन मिनिटांत माणूस ‘बसा, चहा घ्या’ एवढंच म्हणतो. साक्षीला उभं केलं की तो आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात करतो. म्हणून उपासनेआधी तो माझ्याकडे येतो. नवरीला सजवायची जी खोली असते, तिथे मी बसते. आरशावर आधीच्या लग्नांतल्या टिकल्या चिकटलेल्या असतात. त्यांच्यासमोर बसून मी लोकांचे चमत्कार ऐकते आणि छाटते.

हे काम मला मिळालं ते गैरसमजातून. मी कॉन्व्हेंटात शिकले. मंडळीची इंग्रजी पत्रं लिहायला कोणीतरी हवं होतं म्हणून मला घेतलं. मी मुळात बोलत नाही. चारचौघांत नाव विचारलं तरी माझे कान गरम होतात. पास्टरांना वाटलं, हे आत्म्याचं गांभीर्य आहे. ‘ही मुलगी ऐकते,’ ते म्हणाले. मी ऐकत नव्हते, गप्प होते. पण आमच्याकडे गप्प माणूस इतका दुर्मीळ, की फरक कोणाला करता आला नाही. माझे बाबा जुन्या चर्चमधले. तिथे पुस्तकातून गाणी म्हणतात आणि वेळेवर घरी जातात. ते माझ्या नोकरीला ‘तुमचा ऑर्केस्ट्रा’ म्हणतात.

साक्षी देणाऱ्यांचे नमुने सांगावे तेवढे थोडे. आमची अकोल्याची शाखा जठारपेठेत, एका मोबाइलच्या दुकानावर भरते. महिन्यातून एकदा मी तिकडे जाते. तिथले एक काका दारू सोडल्याची साक्ष द्यायचे. साक्ष खरी होती, माणूस सुधारला होता. पण टाळ्या मिळाल्या तशी त्यांची जुनी दारू वाढत गेली. पहिल्यांदा ते रोज पव्वा घ्यायचे. पुढच्या खेपेला खंबा झाला. मग त्यात एक चाकू आला, मग दोन वैरी आले. शेवटी एकदा बायांच्या बाजूने त्यांची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, ‘एवढी कधी पेत होते जी तुमी? अन् चाकू तं मले भाजी चिराले भेटत नव्हता.’ त्यानंतर काकांची साक्ष पुन्हा पव्व्यावर आली.

एका बाईंना जावेचा कुकर उडाला याबद्दल देवाचे आभार मानायचे होते. मी म्हटलं, ‘ताई, जाऊ काढून टाकू या.’ त्या जरा विचार करून म्हणाल्या, ‘मंग साक्षीत उरलं काय व?’ तेल्हाऱ्याचे एक निवृत्त मास्तर प्रार्थना करून बोअर मारल्याची साक्ष घेऊन आले. पाणी धो धो लागलं होतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. शेजाऱ्यालाही त्याच आठवड्यात पाणी लागलं होतं, आणि तो काहीच मानत नव्हता. ‘त्याचं सांगाचं काम नाही ना?’ त्यांनी विचारलं.

मला अभिमान वाटावा अशीही साक्ष मी ऐकलेली आहे. एक म्हातारी आली. तिचा मुलगा गेला होता. ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मले आता झोप येते.’ आणि जाऊन बसली. मी काहीच छाटलं नव्हतं. आमच्या व्हिडिओवाल्यांनी मात्र ती साक्ष घेतली नाही. त्यांच्या मते ती पूर्ण झाली नव्हती.

पास्टरांबद्दलही नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांना भोंदू समजतील. ते भोंदू नाहीत. ज्याच्याकडे घरचं कोणी फिरकत नाही अशा माणसाजवळ ते सरकारी दवाखान्यात जाऊन बसतात, त्याची दाढी करून देतात. मेल्यावर त्याला खांदाही देतात. हे ते कधी स्टेजवर सांगत नाहीत. स्टेजवर सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

तर झालं असं. आमची वार्षिक जागृती सभा असते. तिला बाहेरच्या राज्यातून एक संदेष्टे बोलावतात. संदेष्टा म्हणजे ज्याला देव थेट सांगतो, आणि तो पुढे हिंदीत आपल्याला सांगतो. त्या वर्षी ते डोळे मिटून म्हणाले, ‘पीली साड़ी वाली बहन, खड़ी हो जा.’ लग्नसराई होती. निम्मा हॉल पिवळा होता. सात-आठ बाया अर्धवट उठल्या आणि एकमेकींकडे बघून बसल्या. उभी राहिली ती वैशाली. भातकुलीची, घरचा भाजीपाला आणि झेंडू. नवरा गजानन माल घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचा, तिथेच त्याला आमच्यापैकी कोणीतरी गाठलं होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. पण आमच्या उपास-प्रार्थनेत ते दर शुक्रवारी मोठ्याने बोललं जायचं. देवाने संदेष्ट्यांना सांगितलं असेल. आंटींनीही सांगितलं असेल.

संदेष्टे म्हणाले, पुढच्या वर्षी याच सभेत तुझ्या मांडीवर मुलगा असेल.

हॉल उसळला. पास्टर सर्वांत मोठ्याने ‘आमेन’ म्हणाले. आता शास्त्रात, म्हणजे बायबलात, अशी एक गोष्ट आहे. एका संदेष्ट्याने एका बाईला अगदी हेच वचन दिलं होतं. त्या बाईने वळून त्याला म्हटलं होतं की बाबा, मला खोट्या आशेला लावू नकोस. आमच्याकडे ही गोष्ट पुष्कळदा सांगतात, पण बाईचं वाक्य गाळून.

वैशालीचे त्या वेळी अमरावतीत एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार चालू होते. आंटींनी तिला जवळ घेऊन, अगदी मायेने म्हटलं, ‘वचन मिळालं ना बेटा? मग गोळ्या कशाला?’ उपचार थांबले. ज्याला देवाने तारीख दिली त्याने डॉक्टरची तारीख घेणं म्हणजे अविश्वास.

वर्ष सरत आलं. पुढच्या सभेची बैठक बसली. पास्टर म्हणाले, ‘वैशालीची साक्ष मुख्य ठेवू.’ सभेला दोन महिनेही उरले नव्हते आणि वैशाली दर रविवारी उपासनेला येत होती, तशीच सडपातळ. हिशोब कोणालाही जमला असता. पण आमच्याकडे मिळण्याआधीच आभार मानायचे असतात. मिळाल्यावर तर कोणीही मानेल. ‘विश्वासाने छापू,’ पास्टर म्हणाले. सगळे ‘आमेन’ म्हणाले. वैशालीला विचारायचं कोणाला सुचलं नाही. वचन देवाचं होतं, तिचा काय संबंध?

युवक समितीने फ्लेक्स बनवला. ‘वचन पूर्ण झाले’ असं वर मोठ्या अक्षरांत. खाली वैशाली आणि गजाननचा आमच्याच व्हिडिओतून काढलेला फोटो, आणि दोघांच्या मध्ये इंटरनेटवरून उतरवलेलं एक बाळ. गोरंपान, सोनेरी केसांचं, निळ्या डोळ्यांचं. भातकुलीच्या उन्हात वांगी तोडणाऱ्या दोन माणसांना असं बाळ झालं असतं तर तो वेगळाच चमत्कार ठरला असता. हा फ्लेक्स अमरावतीत लागला आणि, कोणाच्या तरी उत्साहाने, भातकुलीच्या स्टँडवरही.

सभेच्या दिवशी वैशाली माझ्या खोलीत आली. सोबत तिच्या सासूबाई, कौसल्याबाई. या बाई मंडळीत कधीच आल्या नव्हत्या. त्यांचं सगळं देवीपाशी. सुनेला त्या अडवत नव्हत्या एवढंच. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आरशावरच्या टिकल्या बघितल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या.

‘तूच का व साक्ष लिहून देणारी?’

मी मान हलवली.

‘मंग हे लिही. आमच्या गावात लोकं इचारून राह्यले, लेकरू कुठी हाय. माही नणंद झबलं घेऊन आली. शेजारची म्हणते, झालं अन् गेलं असंन, सांगत नाईत. एक जण म्हणे, इकत आणलं. कोणाकोणाले उत्तर देऊ?’

वैशाली खाली बघत होती. ती म्हणाली, ‘दीदी, मी घरी बसली असती तं म्हणले असते, खरंच काई झालं हाय म्हून आली नाही. म्हून आली. पास्टर सायबाले सांगा, जिथून वचन देल्लं तिथूनच त्यायनं सांगावं, का वैशालीले लेकरू नाही झालं अन् त्यात तिचा काई दोष नाही. एवढंच. मले दुसरं काई नोको.’

मी पास्टरांना बोलावलं. ते आले, पांढऱ्या सूटमध्ये, घामेजलेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते व्यासपीठावरच्या मराठीत बोलायला लागले, जी ते अडचणीत आले की बोलतात. ‘वचन परत घेता येत नाही, बहिणी. परमेश्वराची वेळ निराळी असते. तुम्ही विश्वासाने एवढंच म्हणा, मी आई आहे.’

‘अन् कोणाची म्हनू?’ वैशालीने विचारलं.

 कौसल्याबाई म्हणाल्या, ‘पास्टर, मी तीस वरसं झाले देवीले जातो. नवस बोलतो. कधी होते, कधी नाई होत. पण आमच्या देवीनं कधी तारीख नाई देल्ली. तुमच्या देवानं कावून देल्ली?’

पास्टरांनी माझ्याकडे बघितलं. साक्ष सोपी करून द्यायची माझी जबाबदारी होती. ‘सिस्टर, तुम्ही यांना समजावा,’ असं म्हणून ते गेले. मी समजावलं नाही.  मी वैशालीला पाणी दिलं.

संदेष्टे यंदाही आले होते. स्टेजवर सोफ्यात बसले होते. वैशालीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या झाल्या आणि लोक तिच्या हातांकडे बघू लागले. हात रिकामे होते.

ती माइकसमोर उभी राहिली. म्हणाली, ‘जय मसीह की. फ्लेक्सवर जे लेकरू हाय ते माहं नाही. मले लेकरू झालं नाही. होऊन मेलं नाही, इकत आणलं नाही. झालंच नाही. मी वरीसभर विश्वास केला. गोळ्या बंद केल्या. उपास केले. कोणाले वाटत असंन का माहा विश्वास कमी पडला, तं त्यानं माह्यासंग एक वरीस राहून पाहावं.’

इथे माझ्या कामाचा एक भाग सांगायला हवा. साक्ष भरकटली की मी मागच्या बाजूने हात वर करते. कीबोर्डवाला हळूच सूर वाढवतो, लोक ‘हालेलुया’ म्हणायला लागतात आणि बोलणारा आपोआप थांबतो. अतिशय सभ्य पद्धत आहे, कोणाचा अपमान होत नाही. कीबोर्डवाला माझ्याकडे बघत होता. पास्टर माझ्याकडे बघत होते. आंटी तर केव्हाच्या बघत होत्या. मी माझ्या चपलांकडे बघत उभी राहिले. काहीही न करता उभं राहणं मला लहानपणापासून जमतं. आयुष्यात पहिल्यांदा ते कामाला आलं.

वैशालीने सांगायचं ते सगळं सांगितलं आणि माइक स्टँडला नीट लावून खाली उतरली.

संदेष्टे सोफ्यातून उठले. शांतपणे म्हणाले, वचन सशर्त होतं. शर्त विश्वासाची. मागच्या वर्षी शर्त बोलायची राहून गेली असावी. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या बहिणीला उभं करायला सुरुवात केली. तेव्हा बायांच्या बाजूने कौसल्याबाईंचा आवाज आला, माइकशिवाय, पण भाजीबाजारात कमावलेला: ‘महाराज, द्या तं द्या, पण तारीख नोका देऊ.’

कोणीतरी हसलं. मग खूप जण हसले. त्या वर्षी पुढे कोणाला तारीख मिळाली नाही. अशा प्रकारे आमच्या सभेत एक भविष्य बदललं, आणि तेही एका देवीच्या भक्तिणीने.

मला वाटलं, माझी नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आंटी माझ्याशी बोलल्या नाहीत. पास्टर दारात आले आणि म्हणाले, ‘भातकुलीला जायचंय. चला.’ आमच्याकडे पास्टर बायामाणसांच्या घरी एकटे भेटीला जात नाहीत, सोबत कोणी बहीण लागते. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. रस्ताभर ते प्रार्थनाही पुटपुटले नाहीत, आणि ते तर लाल सिग्नललाही करतात.

स्टँडवर फ्लेक्स होता. पास्टरांनी डिकीतून भाजी चिरायची सुरी काढली, घरची, आंटींची, आणि दोऱ्या कापायला लागले. चहाच्या टपरीवरचे लोक उठून आले. एकाने विचारलं, ‘काय जी पास्टर, लेकरू कुठी हाय मंग?’

पास्टर सुरी हातात घेऊन उभे. मी त्यांना हजारो लोकांसमोर न अडखळता बोलताना ऐकलेलं आहे. इथे सात-आठ जण होते आणि एक बकरी. त्यांनी सुरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ते म्हणाले, ‘लेकरू नाही झालं, भाऊ. आमी आंधीच छापलं. चूक आमची हाय. तिची नाही.’ व्यासपीठावरची मराठी कुठल्या कुठे गेली होती. कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही. टपरीवाला म्हणाला, ‘मंग छापलं कावून?’  त्यांनी फ्लेक्सची घडी घातली. ती नीट बसेना, निळ्या डोळ्यांचं बाळ सारखं वर येत होतं. मी ते आत दुमडलं.

मग आम्ही घरी गेलो. अंगणात झेंडूचा ढीग होता, गजानन पोत्यात भरत होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली आणि भरतच राहिला. कौसल्याबाईंनी चहा केला. गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. त्या म्हणाल्या, ‘स्टँडवर बोलले म्हणे तुमी. बरं केलं.’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

वैशाली चुलीजवळ उभी होती. डॉक्टरीणबाईंना सकाळीच फोन करून तिने पुन्हा तारीख घेतली होती. बाईंनी वर्ष वाया घालवल्याबद्दल तिला चांगलंच झापलं होतं, असं तिने सांगितलं. सांगताना ती पास्टरांकडे बघत नव्हती, मग बघितलं.

‘स्टँडवर बोलले ते चांगलं झालं,’ ती म्हणाली. ‘गावातलं तोंड बंद झालं. पण सभेत संदेष्टे मले म्हणले, माहा विश्वास कमी पडला. ते मंडळीनं आयकलं. मंडळीसमोर बोलसान का?’

पास्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘बोलीन,’ ते म्हणाले.

परत येताना ते मला म्हणाले, ‘तुम्ही त्या दिवशी हात वर केला नाही.’ मी काही बोलले नाही.  नोकरी राहिली. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी पुन्हा काहीतरी आध्यात्मिक अर्थ लावला असणार.

याला आता बरेच रविवार झाले. प्रवचनाचे विषय झाले ते असे: क्षमा, नम्रता, पापाची कबुली, आणि पुन्हा एकदा नम्रता. वैशालीबद्दल पास्टर अजून बोललेले नाहीत. आंटी म्हणतात, योग्य वेळ आली की आत्मा सांगेल. वैशालीने मात्र मंडळी सोडली नाही. ती सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, काहींना तर तशी आशाही होती. पूर्वी ती मधल्या रांगेत बसायची. आता लवकर येते आणि बायांच्या बाजूला अगदी पहिल्या खुर्चीत बसते, पास्टरांच्या बरोबर समोर. गाणी म्हणते, हात वर करते, प्रार्थनेला डोळे मिटते. प्रवचन सुरू झालं की डोळे उघडून त्यांच्याकडे बघत राहते, संपेपर्यंत.

पास्टर हल्ली प्रवचन देताना पुरुषांच्या बाजूलाच बघतात.